पिंपळावर टांगलेला प्लग

आमच्या घरच्या चहाला पेट्रोलचा वास यायचा. पाहुण्यांना तो पहिल्याच घोटाला कळायचा. ते कपाकडे पाहायचे, मग आईकडे पाहायचे आणि मग आपण चांगल्या घरचे आहोत हे आठवून उरलेला चहा एका दमात संपवायचे. बाबा म्हणायचे, आपल्याला आता सवय झाली. मला ती कधीच झाली नाही. आज पन्नाशी उलटून गेली तरी कुणाच्याही घरी कप हातात आला की मी आधी हुंगते आणि मग ओठाला लावते. नवरा डोळे वटारतो, सून हसू दाबते. दाबू दे. ज्या घरात दूध तापवायच्या बर्नरवर रिक्षाचा प्लग भाजला जातो त्या घरात वाढलेल्या माणसाचं नाक असंच होतं.

तेव्हा आम्ही नालासोपाऱ्यात आचोळ्याला राहत होतो, चार मजल्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. नळाला पाणी नव्हतं. टँकर यायचा, आणि त्या पाण्याला कधी गंजाचा तर कधी डबक्याचा वास असायचा. बाबा वसईच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, आणि आमच्याकडे एक रिक्षा होती. म्हणजे रिक्षा खरं तर आप्पाकाकांची, बाबांच्या थोरल्या भावाची. ते परळला चाळीत राहायचे. परवाना त्यांच्या नावावर, देखभाल बाबांकडे, आणि चालवायला जनार्दन. हा जनार्दन कळंबचा. बाप आणि दोन्ही भाऊ मासेमारीला जायचे, पण याला होडी लागायची. खाडीच्या बाहेर गेलं की याचं पोट तोंडात. गावात त्याची इतकी टिंगल झाली की तो नालासोपाऱ्याला आला आणि रिक्षावर बसला. पंचविशीचा असेल. आप्पाकाकांना त्यानं पाहिलेलंही नव्हतं, त्यामुळे तो बाबांनाच 'शेट' म्हणायचा. कारखान्यात दिवसभर नटबोल्ट मोजून देणाऱ्या बाबांना ते ऐकून किती बरं वाटायचं हे त्यांच्या चालण्यावरून कळायचं.

प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा बोटाएवढा तुकडा. तो काजळला की ठिणगी पडत नाही, आणि गाडी दोनदा फुसफुसून रस्त्यात बसते. आमची रिक्षा सारखी बसायची. मग जनार्दन काजळलेला प्लग वर्तमानपत्रात गुंडाळून तीन मजले चढून वर आणायचा, आणि बाबा तो गॅसवर भाजायचे. चिमटा तोच, ज्याने आई पापड भाजायची. प्लग लालबुंद होईपर्यंत त्याच्यातून काळा, चिकट रस बर्नरवर गळायचा, तडतडायचा, आणि स्वयंपाकघरात असा धूर कोंडायचा की घशात बोटं घालावीशी वाटत. मग बाबा तो तारेच्या ब्रशने मोरीत नव्हे, भांड्यांच्या सिंकमध्ये घासायचे. पांढऱ्या कपबशांवर काळे शिंतोडे. आई म्हणायची, "अहो, निदान माझी भांडी तरी काढू द्या." बाबांचं उत्तर ठरलेलं असे, "कार्बन आहे तो. कार्बन म्हणजे शुद्ध कोळसा. दात घासतात लोक त्याने." आणि मग त्याच हाताने, नखांच्या कडांना तो शुद्ध कोळसा तसाच ठेवून, ते वरणभात कालवायला बसायचे. मी ताट घेऊन खिडकीकडे तोंड करून जेवायचे. आई म्हणे, पोरीच्या जातीला एवढी घाण वाटून चालत नाही. का चालत नाही, हे तिनं कधी सांगितलं नाही.

बंडू मेकॅनिक हा या सगळ्यावरचा कळस. स्टेशनजवळच्या स्टँडसमोर त्याचं दुकान होतं, पण आईच्या हातच्या कांदाभज्यांसाठी तो कुठलंही निमित्त काढून आमच्याकडे यायचा. गालात कायम गुटखा. बोलताना खालचा ओठ वाटीसारखा वर धरायचा, नाहीतर सांडेल. "प्लग म्हणजे इंजिनाची जीभ," हे त्याचं आवडतं वाक्य. "डॉक्टर काय बघतो आधी? जीभ. मी पण तेच बघतो." आणि खरंच, प्लग वाचण्यात तो तरबेज होता, हे कबूल करायला हवं. टोकावर विटकरी रंग चढला असेल तर इंजिनाची तब्येत ठणठणीत. कोरडी काजळी असेल तर हवा कमी पडतेय, फिल्टर साफ करा. तेलकट, ओला काळा असेल तर ऑइल जास्त झालंय. पांढरा पडला असेल तर इंजिन तापतंय, सांभाळा. हे सगळं तो डोळ्यांनी पाहून सांगायचा तोवर मला ऐकायला आवडायचं, अगदी कान देऊन ऐकायचे मी. पण शंका आली की तो अंगठ्याने काजळी खरवडायचा, हुंगायचा, आणि जिभेच्या शेंड्याला लावायचा. मग खिडकीतून खाली थुंकायचा आणि निदान सांगायचा. तळमजल्यावरच्या बाईंचे वाळत घातलेले कपडे त्या खिडकीखाली असत. त्यांच्याशी आमचं जे भांडण झालं ते आम्ही घर सोडेपर्यंत मिटलं नाही.

आमच्या प्लगच्या बाबतीत मात्र जीभ लावायची कुणालाच गरज नव्हती. बाबा पेट्रोलमध्ये रॉकेल घालायचे. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, बंडूला माहीत होतं आणि जनार्दनला तर होतंच. रेशनचं रॉकेल आई रांगेत उभं राहून आणायची. त्याचा कॅन बाल्कनीत तुळशीच्या कुंडीला टेकून असायचा. पहाटे बाबा उठायचे, जुन्या धोतराच्या फडक्यातून रॉकेल गाळायचे, फडकं धरायला आईला उठवायचे, आणि डबा घेऊन खाली जाऊन जनार्दन यायच्या आत टाकीत ओतून यायचे. वर आले की देवपूजा. उदबत्तीत मिसळलेला रॉकेलचा वास ज्यांनी घेतला नसेल त्यांनी माझ्या घाणेरड्या नाकाला नावं ठेवू नयेत.

जनार्दनने सांगून पाहिलं होतं. एकदा तो प्लग घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. "शेट, घासलेट नका घालू. गाडी तापते, ठोकते. मी भर रस्त्यात पडतो, पॅसेंजर शिव्या देतो मला." बाबा म्हणाले, "अरे, सगळेच घालतात." "सगळे नाय घालत, शेट. आनि स्टँडवर कळलं तर माजा नंबर जाईल, तुमचा नाय जानार." बाबा हसले. त्यांचं ते हसू मला आठवतं. वरच्या दातांत मघाच्या पोह्यातली कोथिंबीर होती. म्हणाले, "तू सांगितलं नाहीस तर कुणाला कळतंय?"

त्या स्टँडवर एक रीत होती. कुणी सुरू केली ते माहीत नाही, पण तेव्हा ती सगळे पाळायचे. स्टँडच्या कडेला एक पिंपळ होता आणि त्याच्या बुंध्यात एक जाड खिळा ठोकलेला होता. ज्याच्या गाडीत भेसळ सापडेल त्याच्या गाडीचा काळा प्लग सुतळीने त्या खिळ्याला टांगायचे. प्लग टांगलेला असेपर्यंत त्या ड्रायव्हरला रांगेत नंबर नाही आणि दुसऱ्या कुठल्या मालकानं त्याला गाडी द्यायची नाही. गाडीच्या मालकाला काही नाही, कारण मालक स्टँडवर नसतोच. रस्त्यात गाड्या बंद पडून सगळ्या स्टँडचं नाव खराब होतं म्हणून ही शिक्षा. भोईर म्हणून वयस्क ड्रायव्हर होते, त्यांचा शब्द तिथे चालायचा. टांगलेला प्लग उतरवायचा की नाही हेही तेच ठरवायचे. कळंबला परत जाऊन होडीवर बसणं ज्याच्या नशिबी नव्हतं, त्या जनार्दनला हा खिळा म्हणजे काय होता ते मला तेव्हाही कळत होतं.

मी बारावीत होते त्या वर्षी शिमग्याला जनार्दन गावी गेला. कोळीवाड्यात शिमगा म्हणजे घरचं कार्य, तो काही राहणार नव्हता. जायच्या संध्याकाळी जुना प्लग अगदीच कामातून गेला म्हणून त्यानं नवा बसवायचं ठरवलं. तो आणायला बाबांनी मलाच पाठवलं होतं. मी खोका हातात दिला, जनार्दनने माझ्यासमोर प्लग बसवला, गाडी सुरू करून पाहिली. आवाज असा सुरेख आला की तो स्वतःच हसला. म्हणाला, "बाय, शेटला सांग, याला तरी सुखानं जगू दे." जनार्दन मला 'बाय' म्हणायचा. कॉलेजवरून येताना दिसले तर गाडी थांबवून घरापर्यंत सोडायचा, आणि पुढे बसलेल्या पॅसेंजरला सांगायचा, आमच्या शेटची पोरगी हाय.

बाबांनी कारखान्यात रजा टाकली आणि त्या दिवसांत रिक्षा स्वतः चालवली. आचोळ्यात कुणी पाहू नये म्हणून डोक्यावर टोपी ओढून ते थेट बोळिंजकडे जायचे. तिकडे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. शेटला रिक्षा चालवताना लोकांनी पाहणं हे त्यांना पेट्रोलमध्ये रॉकेल घालण्यापेक्षा लाजिरवाणं वाटत होतं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. आणि स्वतः चालवत होते म्हटल्यावर हात सैल सुटला. आईच्या स्टोव्हलासुद्धा रॉकेल उरेना. गाडी संध्याकाळी खोकत खोकत आवारात शिरायची आणि मागे निळसर धुराचा पडदा सोडायची. वरपर्यंत वास. मी खिडक्या लावून घ्यायचे, मग आत उकडायचं, मग पुन्हा उघडायचे.

जनार्दन परत आला त्या दिवशी सकाळच्या पहिल्याच फेरीत स्टेशनच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं. गाडी ढकलत स्टँडवर नेली. बंडूने सगळ्यांसमोर प्लग काढला, हुंगला, जिभेला लावला आणि मोठ्यानं सांगितलं, "घासलेट." कुणी घातलं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण गाडी जनार्दनच्या हातात होती आणि बंडूला आमच्याकडचं काम आणि भजी दोन्ही टिकवायची होती. प्लग तिथल्या तिथे खिळ्याला गेला. बाबा निरोप मिळताच तिकडे पोचले आणि, हे मला नंतर कळलं, त्यांनी सगळ्या ड्रायव्हर लोकांसमोर कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, "विश्वासानं गाडी दिली हो मी याला."

बोलणी झाली आमच्या घरी, त्याच संध्याकाळी. आप्पाकाका परळहून आले होते, कारण गाडी त्यांची आणि आता इंजिनाचं काम निघालं होतं. ते पांढऱ्या लेंग्यात कोचावर मांडी ठोकून बसले आणि आईने त्यांच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली. बंडू खिळ्यावरचा प्लग काकांना दाखवायला सुतळीसकट घेऊन आला होता. त्याने तो आईच्या चांगल्या बशीत ठेवला, पोह्यांच्या शेजारी, लिंबाच्या फोडीला लागून. काका एक घास खायचे, प्लगकडे पाहायचे, दुसरा घास घ्यायचे. चमच्याने त्यांनी एकदा प्लग उलटापालटा केला आणि तोच चमचा पोह्यात घातला. एका माणसाची रोजीरोटी चाललीय आणि बाबा काकांना शेव जास्त घ्या म्हणतायत. जनार्दन दाराशी उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"बोल रे," काका म्हणाले, "किती दिवस चाललंय हे?"

"मी एक थेंब घातला नाय," जनार्दन म्हणाला. "दर्याची आन घेतो. कोन घालतं ते शेटना विचारा."

बाबा उठून उभे राहिले. "बघितलंत आप्पा? वर माझ्यावरच. ज्याला मी घरच्यासारखं वागवलं!"

"बंडू, तू सांग," काका म्हणाले.

बंडूने ओठाची वाटी सावरली. "प्लग खोटं बोलत नाय, आप्पा. घासलेट ते घासलेट. गाडी कुणाच्या हातात असते? ड्रायव्हरच्या."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. एवढा वेळ तोंड दाबून उभी होते, पण ते वाक्य ऐकून माझा तोल गेला. मी म्हटलं, "प्लग काय घातलं ते सांगतो. कोणी घातलं ते कुठं सांगतो? हा प्लग तर जनार्दन शिमग्याला गेला त्या संध्याकाळी बसवला. कोरा होता, मीच दुकानातून आणला. परत येऊन त्यानं एक फेरी मारली. एवढी जाड काजळी एका फेरीत चढते का, बंडूकाका? तुम्हीच सांगा. मधले सगळे दिवस गाडी कुणी चालवली?"

बंडू छताकडे पाहायला लागला. काकांचा चमचा हवेत थांबला. जनार्दनने पहिल्यांदाच मान वर केली. बाबा माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की जणू मी मोरीतून बाहेर आलेलं काहीतरी आहे.

"कॉलेजात हेच शिकवतात वाटतं," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता, आणि तो मऊ झाला की आम्ही घाबरायचो. ते माझ्याजवळ आले, आणि काही कळायच्या आत त्यांनी उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला. पूर्ण पंजा, दाबून. "आप्पा, या एकुलत्या एक पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. रॉकेलला मी हात लावला असेल तर हिचं बरं होणार नाही. आता तरी विश्वास बसेल?"

त्या हाताला रॉकेलचा वास येत होता. माझ्या कपाळावर त्यांची बोटं होती आणि मला नखातली काजळी दिसत होती, इतकी जवळ. शपथेची मला भीती वाटली नाही. त्या वयात मी शपथांवर विश्वास ठेवायचं सोडलं होतं. मला किळस आली. त्यांच्या त्या हाताची आणि मऊ आवाजाची, आणि माझा जीव गहाण टाकताना त्यांना जरासुद्धा थांबावं लागलं नाही याची. सगळ्या वर्षांतला सगळा चहा एकदम घशाशी आला.

पण आई शपथांवर विश्वास ठेवायची. तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. ती धावत आली आणि तिनं बाबांचा हात मनगटाला धरून ओढून काढला, माझे केस त्यात अडकले होते तरी. "हात काढा! आधी हात काढा! काय बोलताय ते कळतंय का? मी रोज पहाटे फडकं धरते तुमच्यासाठी, आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवता? आप्पा, हेच घालतात. रॉकेल हेच घालतात, मी गाळून देते. शपथ मागं घ्या म्हणावं यांना, आत्ताच्या आत्ता मागं घ्या!"

बाबांनी शपथ मागे घेतली. पुटपुटत घेतली, भिंतीकडे बघत. आणि मग जे झालं ते मला आजही सगळ्यात ओंगळ वाटतं. काका पोहे संपवू लागले. बशी पुसून घेतली, पाणी प्याले, आणि म्हणाले, "घरातली गोष्ट घरात राहू दे. बंडू, तो प्लग जिथं होता तिथं लाव. आज उतरवलास तर चार लोक विचारतील. जनार्दन, तू थोडे दिवस दम काढ. आमच्या ओळखीत कुणाची तरी गाडी बघतो तुझ्यासाठी, दुसऱ्या स्टँडवर. आमचं नाव कशाला खराब करतोस?" बंडूने प्लग सुतळीसकट खिशात घातला. म्हणजे सत्य सगळ्यांसमोर आलं होतं, आणि तरी खिळ्यावर जनार्दनच राहणार होता. जनार्दनने एकेकाकडे पाहिलं, माझ्याकडेही, आणि चपला घालून निघून गेला. त्याच्या नजरेत माझ्यासाठी वेगळं काही नव्हतं. त्या खोलीत जे होते त्यांतली मी एक होते.

पाहुणे गेल्यावर आईने माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि मला न्हाणीघरात नेलं. टँकरच्या पाण्यात तांब्या तांब्या मोजणारी बाई, त्या संध्याकाळी तिनं बादलीमागून बादली माझ्या डोक्यावर ओतली. शिकेकाई लावून खसाखसा चोळत होती आणि तोंडाने जीवदानी देवीचं नाव घेत होती. मला वाटलं, आज आई माझ्या बाजूनं उभी राहिली. आज तिनं खरं सांगितलं. मी म्हटलं, "आई, जनार्दनचं काय गं? उद्या स्टँडवर जाऊन तूच सांगशील का? तुझं ऐकतील."

तिचा हात थांबला. "मी कशाला जाऊ?"

"तू खरं सांगितलंस ना सगळ्यांसमोर."

"ते तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तो कोण आपला?" आणि पुन्हा चोळायला लागली.

तिच्यावर मी कधी रागावू शकले नाही. तिनं आयुष्यभर फडकं धरलं, आणि कुणासाठी हात पुढे करायचा आणि कुणासाठी नाही हे तिला लहानपणापासून पाठ करून दिलं होतं. पण त्या न्हाणीघरात, डोळ्यांत शिकेकाई जात असताना, मला त्या घरातल्या प्रत्येकाचा वीट आला, आईसकट. इतकी वर्षं झाली, ती गेली त्यालाही बरीच झाली, पण ते वाक्य मला गिळता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाताना मी स्टँडवर गेले. प्लग पिंपळाला टांगलेला होता. जनार्दन रांगेच्या बाहेर, चहाच्या टपरीशी उभा होता. मी खिळ्यावरून प्लग काढला. सुतळी सुटेना म्हणून दातांनी तोडली, आणि हे दातांनी तोडणं मला कसं जमलं ते माझं मलाच माहीत नाही, त्या दोरीला बंडूच्या खिशातली तंबाखू लागलेली होती. भोईर ओरडले, "ए पोरी, काय करतेस?" मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की रॉकेल माझे बाबा घालतात. रोज पहाटे घालतात. हा प्लग काळा झाला तेव्हा जनार्दन कळंबला होता. बंडूला हे माहीत आहे, विचारा. बंडू दुकानाच्या फळीवर बसला होता. तो थुंकायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. भोईरांना तेवढं पुरलं.

त्यांनी माझ्या हातातून प्लग घेतला आणि विचारलं, "बापानं पाठवलं?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग घरी काय होईल?" मी म्हटलं, होऊ दे. त्यांनी जनार्दनला हाक मारून त्याचा नंबर परत दिला आणि आमची रिक्षा त्या स्टँडवर पुन्हा लागणार नाही असं जाहीर केलं. तशी ती लागलीही नाही. काकांनी ती विकली. त्यांनी बाबांशी संबंध तोडला आणि बाबांनी माझ्याशी बोलणं. माझ्या लग्नाच्या मांडवातच ते पुन्हा माझ्याशी बोलले, तेही भटजींनी बोला म्हटलं म्हणून. घरात शांतता झाली, आणि गॅसवर फक्त दूध तापू लागलं.

त्या सकाळी मी जनार्दनकडे पाहिलं होतं. काहीतरी म्हणेल असं मला वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, मी त्याची वाट पाहत होते. तो नंबर घ्यायला माझ्या शेजारून गेला आणि माझ्या अंगाला धक्का लागू नये इतका बाजूने गेला. लोक टँकरखालच्या चिखलाला वळसा घालतात, तसा.

मग काही दिवसांनी त्याला दुसऱ्या मालकाची गाडी मिळाली. नवी होती, हिरव्या सीटची. मी कॉलेजवरून परत येत होते, ऊन मी म्हणत होतं आणि रांगेत पहिली गाडी त्याचीच होती. मी टाळू शकले असते, पण टाळलं नाही. मागे जाऊन बसले. त्याने गाडी सुरू केली. इंजिनाचा आवाज स्वच्छ होता. मागे वळून न पाहता तो म्हणाला, "कुठं जायचंय, ताई?"

"आचोळे," मी म्हटलं.

दोन वर्षं त्यानं मला त्या दारात सोडलं होतं. ते तीन मजले तो कितीतरी वेळा चढला होता.

"आचोळ्यात कुठं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. बिल्डिंगचं नावही सांगितलं.